वळणाच्या पोटातली वाळू

“आबा, आमची वाळू परत द्या,” म्हणत वरच्या सोसायटीचा मॅनेजर कुलदीप नदीकाठच्या मळईत उतरला, तेव्हा त्याच्या नाकाला रुमाल होता.

सोपानराव खुरप्यानं गाळ खरवडत होते. चऱ्होलीतली त्यांची सारी जमीन इमारतींखाली गेली. नदीच्या वळणाच्या पोटातली ही चार गुंठ्यांची मळई तेवढी उरली होती. पूर ओसरला आणि वांग्याची रोपं वीतभर वाळूखाली गाडली गेली. वाळूवर काळा गाळ, गाळावर फेस, फेसात पोरांचे हगलेले डायपर. चार दिवसांत रोपं मोकळी झाली नाहीत तर कुजणार होती.

“तुझी कशावरनं?”

“पिवळी आहे, बघा ना. सोसायटीच्या बीचसाठी खास आणलेली. लोक रोज विचारतात, बीच कुठं गेला.”

वैशाखात वरच्या वळणावर वाळूचे डंपर रिकामे होताना सोपानरावांनी त्याला सांगितलं होतं. नात तनुजाला शिकवावं तसं काठीनं मातीत वळण काढून सांगितलं होतं. “हे बघ, बाळा. वळणाच्या भाईरनं पाणी पळतं. पळतं तितं खातं. पोटाला दमतं, दमतं तितं ठेवतं. तू वाळू नदीच्या दाढंत घालतूयास.”

“आबा, इंजिनिअरनं नकाशा काढलाय.”

“नदीनं बघितलाय का?”

तेव्हा कुलदीप हसला होता. आज त्यानं जेसीबी आणला होता.

“वाळू न्हे की,” सोपानराव म्हणाले. “पर नदीनं थर कसा लावलाय बघ. जड आधी, हलकं मागनं. तळाला वाळू, वर गाळ, त्येच्यावर तुमच्या टावरच्या पायपातनं आलेलं. वरचं काढल्याबिगर खालचं निघायचं न्हाई.”

“वरचं आमचं नाही.”

“हागताना तुमचं, वाहताना नदीचं व्हय?”

जेसीबीवाला खंडू खाली वाकून बघत होता. त्यानं पचकन थुंकून इंजिन बंद केलं. “साहेब, ह्यात बकेट घालायचं नाही. मला घरी जाऊन जेवायचंय.”

कुलदीप रुमाल दाबत चढ चढून गेला. घाण तिथंच राहिली.

बांधावर बसलेली तनुजा ओढणी नाकाला बांधत खाली आली. “आबा, पुढच्या पुरात नदी हे न्हेईल की आपोआप.”

“न्हेईल. खालच्या गावाच्या वळणात ठेवील.”

तिनं गाळाकडं पाहिलं, तोंड वाकडं केलं. मग गाळ भरायला पाटी उचलली.

“हातानं नगं,” सोपानराव म्हणाले आणि दुसरं खुरपं तिच्या हाती दिलं.