फाटकाबाहेर गेलेलं संचलन

बावीस वर्षं मी लोकांना गाडी चालवायला शिकवतोय. या बावीस वर्षांत माझे केस गेले, रक्तदाब आला आणि एक गोष्ट पक्की कळली: माणूस कितीही शिकलेला असो, स्टिअरिंग हातात आलं की त्याला डावं-उजवं समजत नाही. डॉक्टर घ्या, वकील घ्या, एकदा तर गणिताच्या प्राध्यापिका होत्या, सगळे एकाच माळेचे मणी. त्यावर माझा उपाय ठरलेला. "लिहायचा हात कुठला? तो उजवा! वळा!"

त्यामुळे आमच्या भिंगरीने मुसमुसत सांगितलं की कवायतीत तिचं डावं-उजवं चुकतंय, तेव्हा मी म्हटलं, हात्तिच्या! एवढंच ना?

भिंगरी म्हणजे माझी लेक, वय वर्षं चौदा. शाळेच्या छात्रपथकात दोन वर्षं मागच्या रांगेत पाय आपटल्यावर तिला लाल पट्टा मिळाला होता. लाल पट्टा जिच्या खांद्यावर, ती सगळ्यांच्या पुढे एकटी चालते आणि बाकीच्या चोवीस जणी तिच्या मागोमाग. पण सरावात ती दोनदा उलटी वळली आणि कवायतीचे सर म्हणाले, "संचलनात चुकलीस तर पट्टा तिथल्या तिथे काढून शिडीला देईन." शिडी म्हणजे हिच्या मागे चालणारी उंच मुलगी. तिचा त्या पट्ट्यावर पहिल्यापासून डोळा होता, हे अख्ख्या शाळेला ठाऊक होतं. भिंगरी आठवडाभर धड जेवली नव्हती हो!

मग मी शिकवणी घेतली. बाहेरच्या खोलीतलं टेबल भिंतीला लावलं आणि रोज संध्याकाळी तासभर, "उजवीकडे! लिहायचा हात!" मी समोर सोफ्यावर बसून बघायचो. एकदाही चुकली नाही पोरगी. शंभरपैकी शंभर.

"अहो, तिला तुम्ही नका शिकवू," बायको म्हणाली. "तुमचे निम्मे विद्यार्थी खांबावर चढलेत."

मी लक्षच दिलं नाही. घरच्या माणसाची किंमत घरात नसतेच.

संचलनाच्या दिवशी आम्ही तासभर आधी जाऊन दुसऱ्या रांगेतल्या खुर्च्या पटकावल्या. मुली मैदानाच्या टोकापर्यंत सरळ येणार, तिथे उजवीकडे वळणार आणि व्यासपीठासमोरून सलामी देत जाणार, असा बेत होता. डावीकडे शाळेचं फाटक होतं. प्रमुख पाहुण्यांची गाडी आत यावी म्हणून ते सताड उघडं ठेवलेलं.

आल्या. काय सांगू, माझी भिंगरी पुढे, मान ताठ, छाती पुढे, शेवटी एक मुलगी ढोल वाजवतेय. मी शेजारच्या अनोळखी माणसाला कोपरानं ढोसून सांगितलं, "ती आमची." सरांनी कर्ण्यावरून हुकूम दिला, "उजवीकडे... वळ!"

भिंगरी खाडकन डावीकडे वळली.

तिच्या मागे शिडी वळली. तिच्या मागे सगळ्या वळल्या. आणि बघता बघता पंचवीसच्या पंचवीस पोरी, ढोलासकट, फाटकातून रस्त्यावर! सर "थांब! थांब!" म्हणून बोंबलत होते, पण ढोल आणि कर्ण्यातून निघणारी कर्कश शिट्टी यांच्यापुढे ते कोणाला ऐकू जाणार? प्रमुख पाहुणे निवृत्त अधिकारी. त्यांनी सलामीला हात वर केला होता, तो खाली घ्यावा की नाही हे त्यांना कळेना. रिकाम्या मैदानाला सलामी देत उभे राहिले बिचारे.

मी खुर्च्या ओलांडत पळालो. एका बाईंच्या पिशवीत माझा पाय गेला, ती पिशवी घेऊनच पळालो.

रस्त्यावर तीन गाड्या येत होत्या. मी मधोमध उभा राहून हात दाखवला, तशा दोन कचकन थांबल्या. माझेच विद्यार्थी! तिसऱ्याने काच खाली करून माझ्या खानदानाचा उद्धार केला, पण थांबला.

"भिंगरे, थांब!" मी तिच्या शेजारून धावत म्हणालो.

ती समोर बघत दातांतल्या दातांत म्हणाली, "बाबा, सरांच्या हुकमाशिवाय थांबता येत नाही."

"मग वळ तरी! उजवीकडे! लिहायचा हात!"

आणि ती खाडकन डावीकडे वळली.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. माझी मुलगी डावखुरी आहे! पहिलीपासून तिला डाव्या हाताने लिहिताना बघतोय. आणि घरी मी तिच्या समोर बसलो होतो, त्यामुळे ती तिच्या डावीकडे वळली की माझ्या उजव्या हाताला जायची आणि मी म्हणायचो, शाब्बास! बावीस वर्षं मी लोकांच्या शेजारी बसून शिकवलं, आयुष्यात एकदा समोर बसलो, आणि एवढं शेण खाल्लं.

पण आता रडून उपयोग नव्हता. शाळेची भिंत डाव्या हाताला होती आणि मागचं फाटकही त्याच बाजूला. मी म्हटलं, चला, चुकलंच आहे तर पुरतं चुकू. पुढच्या कोपऱ्यावर ओरडलो, "लिहायचा हात!" वळली. मागच्या फाटकापाशी पुन्हा, "लिहायचा हात!" वळली, आणि सगळं पथक मैदानात परत. रांग कुठे वाकडी नाही, पाऊल कुठे चुकलेलं नाही. व्यासपीठ उजवीकडे आल्यावर मी बेंबीच्या देठापासून किंचाळलो, "आता लिहीत नाहीस त्या हाताकडे बघ!"

तिने मान उजवीकडे करून सलामी ठोकली. प्रमुख पाहुण्यांचा हात अजून वरच होता. त्यांचं काम झालं.

पाहुणे इतके खूश झाले की विचारू नका. "भर रहदारीतसुद्धा काय शिस्त!" म्हणाले. कवायतीचे सर पक्के बेरकी. लगेच बोलले, "खास बसवून घेतलं होतं."

मी म्हटलं, सुटलो! पण पाहुणे गेल्यावर आमचं ध्यान सरांपुढे जाऊन उभं राहिलं. "सर, तुम्ही उजवीकडे म्हणाला होतात. मी चुकले." आणि स्वतःच पट्टा काढून त्यांच्या हातात दिला.

"सर, चूक माझी आहे," मी मध्ये पडलो. "मीच शिकवलं."

"मग पट्टा तुमच्याकडून काढून घेऊ?" सर खेकसले. "शब्द म्हणजे शब्द. शिडी, ये इकडे. घे."

शिडी आली. पट्ट्याकडे तिने पाहिलं. मग हात मागे बांधून म्हणाली, "मला नको, सर."

"का?"

"ती चुकली, तशा आम्हीही चुकलो."

"तुम्ही तिच्या मागे गेलात, एवढंच. तुम्हाला तरी डावं-उजवं कळतं ना?"

"कळतं, सर. सगळ्यांना कळतं. हुकूमही नीट ऐकू आला होता."

"मग फाटकाबाहेर कशाला गेलात?" सरांचा आवाज चढला.

शिडीने त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू सरांनाच काही कळत नव्हतं.

"म्हणजे काय, सर? तिला एकटीला जाऊ द्यायचं?"

मागच्या तेवीस जणी ताठ उभ्या होत्या. एकीनेही मान खाली घातली नव्हती. सरांनी पट्टा भिंगरीच्या खांद्यावर परत चढवला आणि म्हणाले, "उद्या सकाळी सहाला सराव. सगळ्यांनी यायचं." मी मात्र ती परक्या बाईंची पिशवी पोटाशी धरून तिथेच ढसाढसा रडलो.