ओर्नेलाची टोपी

इटलीतल्या बेल्लुनोजवळच्या एका गावात पहाडी पलटणीच्या आजी-माजी जवानांची दरवर्षी मिरवणूक निघे. काळ्या पिसाची टोपी घातल्याशिवाय तिच्यात कुणी चालत नसे. यंदा म्हाताऱ्या एर्मेतेची लेक ओर्नेला लेबनॉनच्या सीमेवर शांतिसेनेत होती. तिथे निळी टोपी घालायची, म्हणून पिसाची घरीच राहिली होती.

"बाबा, रांगेतली माझी जागा जाऊ देऊ नका," ती फोनवर म्हणाली होती.

म्हणून एर्मेते तिची टोपी दोन्ही हातांत धरून, छाती फुगवून रांगेत उभा राहिला. पण आसपासच्या माणसांनी माना खाली घातल्या. एका बाईने छातीवर क्रुसाची खूण केली.

रांग लावणारा तुल्लिओ हळूच जवळ आला. "एर्मेते, कधी रे झालं?"

"काय झालं?"

"अरे, अशी हातात धरतात ती मेलेल्याची टोपी. विसरलास का गाढवा?"

एर्मेतेने घाईघाईने मान हलवली. "सकाळीच बोललो तिच्याशी. धडधाकट आहे. तिथली कॉफी बेचव म्हणून कुरकुरत होती."

"मग टोपी ठेव घरी."

"नाही ठेवणार. तिला शब्द दिलाय."

त्याने जरा विचार केला. मग स्वतःची टोपी उतरवून हातात धरली आणि लेकीची छोटी टोपी आपल्या मोठ्या डोक्यावर बसवली.

"आता मेलो असेन तर मी," तो म्हणाला. "ती चालतेय."

तुल्लिओने हसत बँडवाल्यांना खूण केली. एर्मेते निघाला. मान ताठ ठेवणं भागच होतं, नाहीतर टोपी पडली असती.