साहेबाचा हिवाळा

"काहून गा खुशाल, गव्हाले उकडून राहिलं काय? झाडाखाली नेऊन बसव ना त्याले!"

नत्थुजीने गाडीवरूनच ओरडून विचारलं आणि स्वतःच हसला. त्याची कापसाने शिगोशीग भरलेली गाडी अकोल्याच्या रस्त्याला लागली होती. मागून अजून गाड्या येत होत्या, धुळीचा लोट बांधावर बसत होता. दूर कुठल्याशा मुलखात लढाई जुंपली होती, तिकडचा कापूस विलायतेला पोचत नव्हता, म्हणून पूर्णेच्या या काठी लोकांनी अंगणातसुद्धा सरकी टोचली होती. एकट्या खुशालरावाने रस्त्यालगतच्या वावरात गहू पेरला होता. तोही आईच्या हट्टाने. "कापूस वाढशीन काय मले जेवाले?" असं पार्वताबाईने विचारलं होतं.

खुशालराव वाकून एक रोप चाचपत राहिला. पौष अर्धा सरला होता आणि सकाळच्या प्रहरी तो उघड्या अंगाने उभा होता. या दिवसांत गव्हाला बोचरं हिव लागतं, पहाटेचं दहिवर लागतं. यंदा दोन्हींचा पत्ता नव्हता. गहू वीतभर वाढला न वाढला तोच घाईघाईने निसवायला, लोंब्या टाकायला लागला होता, न्हाण येण्याआधी लग्न लावून दिलेल्या पोरीसारखा.

"पडन," तो स्वतःशीच म्हणाला. "अजून माघ हाय."

मागे शकुन न्याहारीचं फडकं घेऊन उभी होती. खांद्यावर तीन महिन्यांचा चंद्रभान झोपला होता. नवऱ्याचं बोलणं तिने ऐकलं, आणि पदर लेकराच्या पाठीवर ओढून घेतला.

रोज पहाटे त्या घरातल्या दोन बायका हिव आहे का ते बघत. पार्वताबाई अंगणात जाऊन गवताच्या पात्यांवरून तळवा फिरवी आणि कोरडा हात लुगड्याला पुसत म्हणे, "नाई बाप्पा, आजही नाई." त्याच वेळी आत शकुन दाराच्या फटीशी हात धरी. फटीतून येणारा वारा कोमट लागला की तो हात लेकराच्या छातीवर ठेवी, आणि मनातल्या मनात देवाला सांगे, असंच राहू दे. आजच्या दिवस राहू दे.

गव्हावर घर चालणार, आणि घरची सून असं मागते. कोणाला सांगावं तरी कसं?

मागच्या पौषात असं हिव पडलं होतं की रांजणातलं पाणी हाताला चावत होतं. लेक मैना तेव्हा वर्षाची होती. तिच्या छातीत आधी नुसती घरघर होती, मग श्वासाबरोबर शिटी वाजायला लागली. शकुनने तिला पोटाशी धरून, वर घोंगडी, घोंगडीवर गोधडी घेऊन रात्री काढल्या. एका सकाळी गोधडीत शकुनची एकटीचीच ऊब उरली. बाहेर धुवारी इतकी दाटली होती की गोठा दिसत नव्हता. खुशालराव घोंगडीचं ते लहानसं गाठोडं हातांवर घेऊन याच वावरातून नदीकडे निघाला आणि बांधाजवळच पांढऱ्या धुक्यात विरून गेला. शकुन दारात उभी होती. पावलं ऐकू येत होती, माणूस दिसत नव्हता. नंतर पावलंही ऐकू येईनात.

तेव्हा चंद्रभान नुकताच तिच्या पोटात होता, आणि तिला ते ठाऊकही नव्हतं.

---

थंडीची वाट पाहणारा आणखी एक माणूस त्या बांधावर होता. केशवराव, मुंबईचा तसबीरवाला. महिनाभरापूर्वी तो काचांच्या पेट्या, बाटल्या, तसबीर उतरवायची डोळ्याची पेटी आणि ती ठेवायची तीन पायांची एक घोडी घेऊन बैलगाडीतून उतरला, आणि लिंबाखाली काळ्या कापडाचा तंबू ठोकून बसला. अमरावतीचा कोणी साहेब कायमचा विलायतेला परत निघाला होता. मागच्या हिवाळ्यात तो घोड्यावरून या रस्त्याने गेला होता, तेव्हा हे वावर धुक्यात बुडालेलं होतं, पलीकडची बाभळीची रांग तेवढी वर तरंगत होती. आपल्या मुलखाची याद आली, असं तो म्हणाला होता. ती तसबीर त्याला हवी होती. हाच बांध, हाच महिना, तसंच धुकं.

"आजी, उद्या तरी पडेल का हो थंडी?" केशवराव रोज विचारी.

"मले काय पुसता? तुमच्या सायबालेच म्हणा, काढ म्हणा एखांदा हुकूम."

"साहेबांचा हुकूम माणसांवर चालतो."

"असं काय? मले वाटलं, सूर्य बी त्यायलेच इचारून निघते."

केशवराव हसे. माणूस भला होता. पार्वताबाईने दिलेलं ताक पीत तो शकुनच्या लेकराशी दुरूनच बोबडं बोले. त्याचं स्वतःचं एक मुंबईला होतं. पण महिना उलटत चालला तसं त्याचं हसू उतरत गेलं. उन्हामुळे काचेवर लावलेलं औषध तसबीर उतरायच्या आतच वाळून जाई. साहेब चार-आठ दिवसांत निघणार होता. तसबीर न घेता गेलं तर पुन्हा काम मिळायची आशा नव्हती.

"आता वाट बघत नाही," एका सकाळी तो म्हणाला. "जसं आहे तसं उतरवतो. काच धुवायला पाणी तेवढं पाहिजे, मुंबईहून आणलेलं संपलं. गाडीवानही बाजाराला गेलाय, नाहीतर नदीच्या झिऱ्याचं आणलं असतं. तुमच्या विहिरीचं गोडं आहे ना?"

"आमच्या हिरीचं?" पार्वताबाईने कमरेवर हात ठेवले. "गावात कोनालेई इचारा. गोडी हीर म्हणतात तिले, गोडी हीर! नत्थ्याच्या हिरीचं तोंडात धरवत नाई. आमच्या पान्यात डाळ शिजते, डाळ!"

तिने स्वतः घागर भरून आणून तंबूशी ठेवली.

केशवरावाने घोडीवरच्या पेटीत डोकं घातलं, बाहेर काढलं. "रान फार रिकामं दिसतंय. बाई, तुम्ही जरा त्या गव्हाच्या कडेला उभ्या राहता?"

शकुनने नवऱ्याकडे पाहिलं. खुशालरावाने मान हलवली.

"लेकरू आजीकडे दिलं असतं तर..."

"नाई देत मी त्याले कोनाजवळ," शकुन म्हणाली, आणि आपण फटकन बोललो म्हणून पदर ओढून घेतला. "राहू द्या ना. झोपला हाय तो."

ती उभी राहिली. केशवराव तंबूत जाऊन ओली काच घेऊन आला, पेटीत सरकवली, पेटीच्या डोळ्यावरचं झाकण काढलं आणि हात वर धरला. शकुनने श्वाससुद्धा रोखला. तेवढ्यात चंद्रभान जागा झाला. आळोखेपिळोखे देत त्याने पाय झाडले, दोन्ही मुठी हवेत नाचवल्या, तिच्या हनुवटीवर एक ठेवून दिली. ती हलली नाही.

"झालं!" म्हणत केशवराव काच घेऊन तंबूत पळाला.

बराच वेळ आतून भांड्यांचे आवाज आले. मग "अरे देवा" असं ऐकू आलं. बाहेर आला तेव्हा तो पार गोंधळलेला होता. त्याने घागरीतलं पाणी ओंजळीत घेऊन जिभेला लावलं आणि थुंकलं.

"आजी, हे खारं आहे!"

"खारं?" पार्वताबाई तडकली. "जीभ दाखवा वैद्याले! चार पिढ्या प्यालो आमी हे पानी."

"प्यायला चालत असेल हो. काचेला मीठ चालत नाही. सगळं दूध फाटल्यासारखं पांढरट झालं." एवढं म्हणून तो थांबला. आतून काच आणली, काळ्या कापडावर आडवी ठेवली, आणि एकदम त्याचा आवाज बदलला. "पण बघा तरी. बघा काय उतरलंय."

तिघं वाकली.

काचेवर त्यांचं वावर होतं, आणि वावरावर धुवारी होती. खालून गव्हापाशी दाट, वर विरळ होत गेलेली. पलीकडची बाभळीची रांग तिच्यावर तरंगत होती. आकाशात ऊन रणरणत होतं आणि काचेवर पौषाची पहाट होती.

"अवं बाई," पार्वताबाई पुटपुटली.

"हाच!" केशवराव जवळजवळ नाचायला लागला. "हाच साहेबांचा हिवाळा! महिनाभर बसलो असतो तरी असा मिळाला नसता. आजी, तुमच्या विहिरीचे पाय धरतो!"

शकुन बाभळी बघत नव्हती. गव्हाच्या कडेला ती स्वतः उभी होती. कपाळावरचं कुंकू, पदराचा काठ, सगळं नीट होतं. हात कोपरात वाकलेले, काहीतरी सांभाळून धरल्यासारखे. आणि त्या हातांत नुसतं पांढरं होतं.

"लेकरू कुठी हाय?"

"ते हाललं ना, बाई. हालतं ते काचेवर उतरत नाही. यात भिण्यासारखं काही नाही, सगळ्यांचंच असं—"

त्याचं पुढचं तिला ऐकू गेलं नाही. चंद्रभान तिच्या खांद्यावर होता, त्याच्या लाळेने तिची चोळी भिजली होती, तरी तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि ती हात काढेना.

खुशालराव काचेवर वाकलेलाच होता. मग ताठ झाला.

"पुसा हे."

"काय?"

"पुसून टाका म्हनलं."

"खुशालराव, अहो, महिना घालवला मी यासाठी! आणि साहेब..." केशवराव एकेकाच्या तोंडाकडे बघत राहिला. "काय झालं तरी काय?"

पार्वताबाई खाली बसली. मघाचा तोरा तिच्या आवाजात नव्हता.

"मागच्या पौषात आमची नात गेली, बाप्पा. असंच होतं बाहेर. ह्याच वावरातून नेली तिले."

केशवरावाने काच उचलून हातात घेतली. अंगठ्याने पुसली असती तर पुसली गेली असती. त्याच्या अंगठ्याकडे सगळे बघत होते. अंगठा काचेवर नेता नेता त्याने चंद्रभानकडे पाहिलं, हे शकुनच्या ध्यानात आलं. मुंबईला याचंही एक आहे, तिला आठवलं.

"धुवारी राहू द्या सायबाले," ती म्हणाली. "मले काढता येईन काय तुमाले त्याच्यातून?"

केशवरावाने मान हलवली. तंबूतून बारीक पातं आणलं आणि गुडघ्यावर काच धरून तो खरवडू लागला. आधी वाकलेले हात गेले, मग पदर, मग कपाळ. फार जपून करत होता, दुखेल म्हणून जपावं तसा.

"कागदावर छापल्यावर इथं काळं दिसेल," तो वर न बघता म्हणाला. "साहेब विचारतील, हे काय म्हणून."

"बाभूळ हाय म्हणा," खुशालराव म्हणाला.

---

माघ आला तोही कोमटच. केशवराव जाऊन बरेच दिवस झाले होते. खुशालरावाने एक लोंबी तळहातावर चोळली, फुंकर मारली, तर तळहातावर काही उरलं नाही. त्याने दुसरी चोळली नाही. घरी जाऊन विळा आणला आणि बैलांना वैरण तरी होईल म्हणून उभा गहू कापायला बसला. रस्त्याने कापसाच्या गाड्या जात होत्या. नत्थुजीही गेला, त्याने पाहिलं आणि बैलांना हाकललं.

चंद्रभानला सासूपाशी निजवून शकुन वावरात आली. थोडा वेळ नवऱ्याच्या पाठीमागे उभी राहिली.

"मी रोज म्हणत होती," ती म्हणाली.

"काय?"

"हिव नोको पडू देऊ म्हणून. पहाटे उठली की म्हणत होती. तुमी पडन पडन म्हणा, अन् मी..."

खुशालरावाचा विळा थांबला नाही. एक मूठ कापून त्याने मागे टाकली, दुसरी धरली.

"तू एकटीच म्हणत होती काय?"

त्याने मान वळवली नाही. मग बांधावर पडलेला दुसरा विळा शकुनने उचलला, पदर खोचला, आणि त्याच्या शेजारची ओळ धरून कापायला बसली.