उरलेले कट्टे तिथंच राहू दे

घेतलेली वस्तू जागच्या जागी ठेवायची, हा आमच्या घरात माझा कायदा. विळा असो की कंगवा, जागेवर दिसला नाही की माझं तोंड सुटतं, आणि ते आसगावच्या बसस्टँडपर्यंत ऐकू जातं असं प्रतिक्षाचे बाबा म्हणतात. म्हणू देत. त्याच कायद्यानं पोरीला वळण लागलं, बीएस्सी झाली. पण एमसीएच्या प्रवेश परीक्षेत तोच कायदा तिला नडत होता, हे कोणी सांगितलं असतं तर मी त्याला दारातूनच परत पाठवलं असतं.

मागच्या वर्षी नागपूरच्या कॉलेजची जागा तिच्या हातून थोडक्यात गेली. यंदा नाही जमलं तर पवनीच्या झेरॉक्सच्या दुकानात कामाला लागेन, असं ती स्वतःच बोलून बसली. पोरगी माझ्यावर गेलेली, बोलली म्हणजे करणार. म्हणून माझ्या जिवाला घोर होता.

घरी कॉम्प्युटर नाही. प्रोग्राम ती वहीत लिहायची आणि स्वतःच कॉम्प्युटर होऊन एकेक ओळ चालवून बघायची. बाकी सगळं बरोबर यायचं, एक सवाल तेवढा दर सराव पेपरात चुकायचा. मग वही आपटायची, उत्तर छापणाऱ्यालाच अक्कल नाही म्हणायची. हा रागही माझाच.

एका दुपारी प्रतिक्षाच्या बाबांचा डबा घेऊन आम्ही दोघी धानाच्या गोदामात गेलो. हिरालाल हमाल म्हटलं की तिथे कोणीही बोट दाखवतं; बावीस वर्षं झाली त्यांना. पण मागच्या वर्षी प्रवेशाचा फॉर्म भरताना वडिलांच्या धंद्यापुढे त्यांनी लेकीला शेती लिहायला लावलं होतं. आमची शेती अर्धा एकर. तेव्हा मी गप्प बसले, आणि असं माझं फार कमी वेळा होतं.

ते जेवत होते, ही धानानं भरलेल्या पोत्यांवर, आमच्याकडच्या भाषेत कट्ट्यांवर, बसून वहीशी भांडत होती. काय अडलं म्हणून त्यांनी विचारलं. तुम्हाला नाही समजणार, असं ती म्हणणार होती. मी डोळे वटारले, तशी सांगू लागली. दोन थप्प्या आहेत. कट्टा ठेवायचा तो वर, काढायचा तोही वरूनच. तरीही जो आधी आला तोच आधी बाहेर गेला पाहिजे. हे कमीत कमी उचलाउचलीत कसं करायचं?

प्रतिक्षाचे बाबा हसले. गोदामाच्या अरुंद खोलीत ते रोज तेच करत होते. आधीचा धान आधी गेला नाही तर त्याला कीड लागते, आणि तीन बाजूंनी भिंत असल्यामुळे खालचा कट्टा ओढता येत नाही. हात धुऊन ते उठले. चार कट्ट्यांची थप्पी त्यांनी एकेक करून शेजारी रचली, म्हणजे सगळ्यात जुना कट्टा वर आला. तो उचलून दाराशी ठेवला.

इथपर्यंत वहीतही असंच होतं. प्रतिक्षा म्हणाली, आता उरलेले तीन पहिल्या जागी ठेवा, मग नवा कट्टा त्यावर.

ते तिच्याकडे वळले. "वापस काहून ठेवून राहिली वं?"

"घेतलं तिथं ठेवा लागते ना, बाबा."

माझ्याकडे कोणी पाहिलं नाही, तरी मी पदर सावरला.

"उचललेला कट्टा मागं नेते का कोणी? पाठ का फुकटची हाय?" ते म्हणाले. "उरलेले कट्टे तिथंच राहू दे. नवा माल रिकाम्या जागी. ही थप्पी सरली का मंगच ती पलटवायची."

प्रतिक्षानं वही उघडली. उरलेले परत ठेवण्याची ओळ खोडली आणि सवाल पुन्हा चालवला. उत्तर छापलेल्या उत्तराशी जुळलं. मग वहीतले मागच्या पेपरांचे चुकलेले सवाल काढले, तेही जुळले. ती उठून बाबांच्या खांद्यावरचा भुसा झटकू लागली. बावीस वर्षांत या माणसानं पाठ वाचवायला शोधलेली युक्ती पुस्तकात छापलेली होती, आणि मला वाटायचं हा फक्त ओझी उचलतो.

परीक्षेत तसाच एक सवाल आला. यादी लागली, तिचं नाव त्यात होतं. सगळ्या आसगावाला मी स्वतः सांगून आले, कोणी विचारायची वाट पाहिली नाही.

कॉलेजचा फॉर्म भरायला आम्ही तिघं पवनीला गेलो, त्याच झेरॉक्सच्या दुकानात. वडिलांचा धंदा या रकान्याशी येऊन प्रतिक्षा थांबली. दुकानात माणसं होती. गेल्या वर्षीचं तिच्या लक्षात होतं. तिनं 'शे' लिहिला.

प्रतिक्षाच्या बाबांनी फॉर्मवर बोट ठेवलं.

"खोड ते," ते म्हणाले. "हमाल लिव."