दारातली गर्दी

सासूबाईंनी चष्मा काढून सुनेच्या हातात दिला आणि सूक्ष्मदर्शकावर डोळे टेकवले.

"टेबल हलवू नका हं," डॉक्टरबाई म्हणाल्या. "काचेवर आहे तो तुमच्या आतड्यातल्या गाठीचा काप. केसाहूनही पातळ."

गाठ ऑपरेशन करून काढली होती. पुढची औषधं घ्यावीत असं सर्जनचं म्हणणं होतं, आणि घेणार की नाही ते आज सांगायचं होतं. सासूबाईंचं ठरलेलं होतं. नाही. पिकलं पान, गळायचं तेव्हा गळेल. फक्त त्यांना एकदा त्या गाठीचं तोंड बघायचं होतं. "इतके दिवस फुकट राहिली माझ्याकडे, निदान ओळख तरी होऊ दे," असं त्यांनी सर्जनना ऐकवलं होतं. सर्जननी हसून त्यांना तळमजल्यावरच्या या तपासणीच्या खोलीत पाठवलं होतं. सून तेव्हा हसली नव्हती.

खोलीत स्पिरिटचा वास होता. कोपऱ्यातलं बेसिन रंगांनी जांभळं पडलेलं.

सासूबाईंची बोटं टेबलाच्या कडेवर घट्ट झाली.

"किती आहेत हे," त्या हळूच म्हणाल्या. "बारीक काळे ठिपके. गुळाला मुंग्या लागाव्यात तसे. सगळीकडे घुसलेत मेले."

सुनेने खाली मान घातली.

डॉक्टरबाईंनी त्याच सूक्ष्मदर्शकाला समोरून जोडलेल्या दुसऱ्या भिंगातून पाहिलं. "अहो आजी, तो आजार नव्हे. आजार म्हणजे त्या मोठ्या, फिकट, वेड्यावाकड्या पेशी. हे ठिपके तुमचेच आहेत. शरीराची राखण करणाऱ्या पेशी. गाठीत शिरून तिच्याशी झुंजत होत्या."

"कोणी बोलावलं त्यांना?"

"कोणी नाही. आपण होऊन आल्या. सगळ्यांच्याच गाठीत इतक्या नसतात. ज्यांच्यात असतात, त्यांचं पुढचं बहुधा बरं जातं. हमी नाही देत मी. पण आशेला जागा आहे."

सासूबाईंनी डोळे उचलले नाहीत.

"आमच्या जुन्या घराला आग लागली होती," त्या भिंगातच बघत म्हणाल्या. "मी बाजारातून येत होते. लांबून दारात ही गर्दी दिसली. वाटलं, संपलं सगळं. जवळ जाऊन बघते तर अख्खी गल्ली पाणी ओततेय. हिचा नवरा तेव्हा पाळण्यात होता. त्याला कोणी बाहेर काढलं, ते आजतागायत कळलं नाही. आभार मानायचे तसेच राहिले."

सासूबाईंनी आता भिंगावरून डोळे उचलले.

"कधीपासून घ्यायची ती औषधं?"

"म्हणजे घेणार तुम्ही?" सुनेने विचारलं.

"घेते बाई. इतके जण न सांगता राबले, आणि घरची मालकीण हातावर हात ठेवून बसली, तर बरं दिसेल का? ये, तूही बघ."

सून पुढे होऊन वाकली. एक डोळा लावला, मग दुसरा.

"मला काही दिसतच नाहीये. सगळं धूसर आहे."

डॉक्टरबाईंनी भिंग जुळवायला हात पुढे केला. सासूबाईंनी तो मध्येच हलकेच धरला.

"राहू द्या," त्या म्हणाल्या. "यंत्र ठीक आहे. दिसेल तिला थोड्या वेळाने."