पाचवीचा निबंध

सुदर्शन सरांना व्यासपीठावर निबंध वाचायची लई हौस, लिहायचा मात्र कंटाळा. लिहायला धम्मप्रिया होतीच. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात ना, तसे सर चार वर्षं तिच्या कागदांवर बसले होते. पीएच.डी.चे मार्गदर्शक पडले, सही त्यांचीच लागणार, मग बोलते कशाला?

मागच्या साली तिनं आपल्या आज्जीवर लिहिलं. आज्जी म्हणजे सरजाबाई, कंधारकडच्या पाच गावांची सुईण. तो लेख सरांच्या पुस्तकात सरांच्याच नावानं छापून आला. पुस्तक घेऊन पोरगी गावी गेली, तर म्हातारीनं पानावरून बोट फिरवत विचारलं, "यात तुझं नाव कुठं हाय गं?" धम्मप्रियानं पुस्तक मिटून टाकलं. ह्या माणसाला सोडायचं नाही, हे तिनं त्याच दिवशी ठरवलं.

आणि संधी आपल्या पायानं चालत आली. सकाळी सातला सरांचा फोन. लातूरच्या चर्चासत्रात बाराला त्यांचं वाचन, विषय पाचवीची पूजा, आणि निबंधाचा पत्ता नाही. आठला नांदेडहून गाडी निघेल, वाटेतच लिहून काढ, असा हुकूम सुटला. ती निमूट हो म्हणाली.

सर पुढं ड्रायव्हरशेजारी, ही मागं, मांडीवर लॅपटॉप. लोहा यायच्या आधीच सर घोरायला लागले. खड्ड्याखड्ड्याला बोटं भलतीकडं पडत होती, पण हात थांबला नाही. चार वर्षांचा राग होता तो, त्याला खड्डे काय करणार! अहमदपूरला चहा पिताना सरांनी पानं किती झाली एवढंच विचारलं. त्यांची रीतच तशी होती. पानं मोजायची, आणि वाचायचं ते थेट माइकसमोर. तिची सगळी भिस्त त्या रीतीवर होती.

तिनं एक अक्षर खोटं लिहिलं नाही. शाळकरी वयात आज्जीच्या मागं हिंडताना जे हातानं केलं तेच लिहिलं. फक्त आपण केलेलं नेहमीसारखं दुसऱ्या कुणा बाईच्या तोंडी घातलं नाही. 'मी केलं' असंच ठेवलं. लातूरला कॉलेजसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात प्रिंट निघाली तेव्हा पावणेबारा झाले होते. पहिल्या पानावर सरांचं नाव तिनं चांगलं ठळक टाकलं होतं.

सरांनी आवाज चढवून वाचायला सुरुवात केली. "पाचवीला बाळंतिणीच्या खोलीत पुरुषानं पाऊल टाकायचं नसतं. दाराला आतून कडी असते. त्या खोलीत बाळंतिणीला मी न्हाऊ घातलं, तिच्या पोटाला लुगड्याचा पट्टा मी माझ्या हातानं बांधला."

मागं कुणीतरी खुदकन हसलं. सर अडखळले, पण थांबून बोलणार काय? तसेच रेटत शेवटाला गेले. मग अध्यक्षा उज्वलाबाईंनी चष्मा काढला आणि कडी लावलेल्या खोलीत आपण गेलात कसे, असं शांतपणे विचारलं. संशोधनासाठी खास परवानगी काढली होती, सर म्हणाले. न्हाऊ घालायचीसुद्धा? बाईंनी विचारलं, आणि अख्खं सभागृह खिदळलं.

सरांना दरदरून घाम फुटला. त्यांनी तिसऱ्या रांगेत बसलेल्या धम्मप्रियाकडं पाहिलं. ते डोळे पहिल्यांदाच तिला विनवत होते. तिला लई गोड वाटलं. तिनं त्यांना अजून जरा तसंच उभं ठेवलं, मग उठली.

"त्या खोलीत मी होते, बाई. माझी आज्जी सुईण आहे. निबंध मी सकाळी गाडीत लिहिलाय. सरांनी तो आत्ता, तुमच्यासोबतच पहिल्यांदा ऐकला."

आता सही मिळणार नाही, चार वर्षं पाण्यात जातील, हे तिला कळत होतं. जाऊ देत. उज्वलाबाईंनी निबंध मागून घेतला, पहिल्या पानावरचं नाव लाल पेनानं खोडलं, वर तिचं लिहिलं आणि खाली सही ठोकली.

ती सरांच्या गाडीत बसली नाही. एसटीनं गावी गेली आणि आज्जीचं बोट धरून त्या लाल अक्षरांवर टेकवलं. म्हातारीनं नाव दोनदा चाचपलं. मग बोट खाली सरकवून विचारलं, "आन् हे खोडलेलं कोण?"

"सर."

म्हातारीनं त्या रेघेवर नख घासून पाहिलं.

"अजून जरा खोडाय पायजे होतं," ती म्हणाली.