राखणदाराच्या वळणावरचा दिवा

दिवेलागणीनंतर विठ्ठलला बाजूचं दिसत नसे, ही गोष्ट त्याच्या बायकोला, जानकीला, तेवढी ठाऊक होती. समोरचं दिसे, पण वेळूच्या नळीतून बघावं तसं. डावी-उजवीकडे नुसता काळोख. आमच्या गावात, लाटंबार्शात, आम्हांला हे फार उशिरा कळलं. वाचकाला मात्र आधीच सांगून टाकतो, नाहीतर आम्ही कशाकशाला हसलो याचा हिशेब लागायचा नाही.

विठ्ठल दोडामार्गापलीकडचा. गावातल्या गोकुळदास शेटांची पिकअप चालवायचा. सकाळी गावची भाजी, नारळ, सुपारी डिचोलीच्या बाजारात, संध्याकाळी दुकानांचा माल आणि आमच्यासारखे फुकटे परत. राहायला गोकुळदासांच्याच गुदामामागची खोली. म्हणजे गाडी सुटली की खोलीही सुटली. डोळ्यांचं तोंडातून काढणं त्याला परवडणारं नव्हतं.

गोव्याचं राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. राज्य आलं, राजभाषा आली, मराठीचं काय यावर आमच्या तिठ्यावर डोकी फुटायची वेळ आली. डिचोलीहून गावात उतरणाऱ्या घाटीवर दिवा तेवढा आला नाही. घाटीला तीन वळणं. मधल्या वळणावर माट्टीच्या झाडाखाली राखणदाराचा दगड. तिथला रिवाज असा की गाडीवाल्यानं पुढचे मोठे दिवे मालवायचे, बारक्या दिव्यांवर गाडी सरकवायची आणि खिडकीतून विडी टाकून पुढे जायचं. देव रखवालीला उभा असतो, त्याचे डोळे दिपवले तर गाव बघणार कोण? देवाच्या डोळ्यांची एवढी काळजी घेणारं गाव आमचं.

जानकी बाजारात भाजीला बसायची आणि परतताना पुढे नवऱ्याच्या शेजारी. त्याच्या मांडीवर हात. डावं वळण आलं की डावीकडे दाबायची, उजवं आलं की उजवीकडे. आम्ही मागे फाळक्याला धरून उभे. मागच्या काचेतून तो हात दिसायचा आणि आम्हांला वेगळंच सुचायचं.

"केस पिकूक लागले, तरी ह्यांचा मधुचंद्र चालूच," आमच्यातली विमला म्हणायची. सगळी गाडी खदखदायची. जानकी हात काढायची नाही.

हे गोकुळदासांच्या कानावर घातलं त्यांच्या मेव्हण्यानं. प्रज्योत त्याचं नाव. बहिणीकडे चार दिवसांसाठी आला आणि राहिला. गाडी चालवायचा परवाना होता, गाडी नव्हती; अशा माणसाला दुसऱ्याची सीट फार बारकाईनं दिसते.

"विठू, बायलेक बाजूक बसवून गाडी चलवता?" गोकुळदासांनी अंगणात सगळ्यांदेखत विचारलं. "उद्यापासून ती मागे. पुढे प्रज्योत बसतलो, माल उतरवूक."

"होय पात्रांव," विठ्ठल म्हणाला. पात्रांव म्हणजे मालक; त्याला दुसरं काय म्हणणार?

पहिल्याच आठवड्यात त्यानं चिऱ्यांच्या दरडीला गाडी घासली. दुसऱ्यांदा घासली तेव्हा प्रज्योत म्हणाला, "बायलेचो हात ना म्हणून गाडी रुसली." त्यावरही आम्ही हसलो. हे विमलाच्या विनोदाखालीच मांडा.

मग विठ्ठलनं दिवे आणले, आपल्या पदरचे. म्हापशाच्या भंगारातून दोन गोल पिवळे दिवे. ते त्यानं बंपरच्या दोन टोकांना बसवले, तोंडं समोर नाही, तिरकी, कडेच्या गटाराकडे. पहिल्यांदा त्यानं वळणाच्या लुकलुक दिव्याच्या वायरीलाच ते जोडले. संध्याकाळी घाटीत दिवा लागे-विझे, लागे-विझे. झाडं नाचायला लागली.

"नाटकाचो पडदो केन्ना उघडतलो रे?" मागून कोणीतरी ओरडलं.

दुसऱ्या दिवशी त्यानं वायर तोडली, स्टेअरिंगखाली दोन वेगळी बटणं बसवली. डाव्या वळणाला डावं, उजव्याला उजवं. आता उजेड ठाम पडू लागला. गाडीचे मोठे दिवे वळणावर सरळ दरीत जातात आणि रस्ता काळोखात राहतो, हे आम्ही जन्मभर बघत होतो. ह्या माणसानं उजेड गाडीच्या आधी वळवला. गटाराची कड, चिऱ्यांची दरड, रस्त्यात बसलेली म्हैस, सगळं लख्ख. त्यानं तुपाच्या डब्याचा पत्रा कापून दिव्यांना वरून झापड लावली, म्हणजे उजेड गुडघ्याच्या वर चढू नये.

"झापड कित्याक?" गोकुळदासांनी विचारलं.

"राखणदाराच्या तोंडार पडूक नको, पात्रांव. पायांर पडलो तर चालता."

गोकुळदास खूश. गाडी न घासता घरी यायला लागली. पंचक्रोशीतले दोघे-तिघे गाडीवाले येऊन बंपरखाली वाकून बघून गेले. तिठ्यावर महिनाभर विठ्ठलचं नाव होतं. आमच्या गावात परक्या माणसाचं इतकं नाव होणं बरं नसतं. ते वसूल केलं जातं.

राखणदाराच्या वळणावर विठ्ठल आता मोठे दिवे रिवाजाप्रमाणे मालवी, बाजूचा तेवढा चालू ठेवी. शेजारी बसून प्रज्योत ते रोज बघे. एक दिवस तो रामचंद्रकाकांकडे गेला. काका गावकरांतले वडीलधारे. देवाच्या मानापमानाचं खातं त्यांच्याकडे.

"काका, सगळे दिवे मालवतात. विठू एक मालवीना. देवाच्या पायांर उजेड मारलो तर चलता?"

देवाच्या पायांचा विचार काकांनी कधी केला नव्हता. पण विचारल्यावर 'चलता' म्हणतील तर ते काका कसले?

"मालवूक जाय," ते म्हणाले. "सगळे म्हणजे सगळे."

गोकुळदासांनी विठ्ठलला तसं सांगितलं.

"पात्रांव, त्या वळणार बाजूक दरी आसा."

"दरी तुझ्या बापाच्या वेळेपासून आसा. पयलीं कशी चलयतालो?"

याला त्याच्याकडे उत्तर होतं, पण ते आता गाडीच्या मागच्या बाजूला टोपलीवर बसायचं.

त्या संध्याकाळी मी मागेच होतो, अर्ध्या उघड्या काचेला लागून. पहिलं वळण गेलं. मधलं आलं. विठ्ठलनं मोठे दिवे मालवले. बाजूच्या दिव्याकडे त्याचा हात जाईना, तेव्हा प्रज्योतनं वाकून बटण पाडलं. गाडी जागच्या जागी थांबली.

"चल," प्रज्योत म्हणाला.

"इंजिन तापलाहा."

"घाटी उतरताना इंजिन तापता? चल रे, मागे लोक आसात."

मागे टोपल्यांतून जानकी उठली. "मी पुढे बसतंय," ती म्हणाली. कोणीतरी तिला खांद्याला धरून खाली बसवलं. "राव गो, आज देवासमोर नको," विमला म्हणाली, आणि गाडी हसली.

पुढे प्रज्योत हसत नव्हता. त्याच्या हाती काहीतरी लागलं होतं. हळू आवाजात, अगदी मायेनं, त्यानं विचारलं, "विठू, किती बोटां?"

विठ्ठलनं गिअरचा दांडा चाचपला.

"सांग मरे. बाजूकच बसलाहंव. किती बोटां?"

"दोन," विठ्ठल म्हणाला.

प्रज्योतचा हात खिशात होता. राखणदाराला टाकायची विडी शोधत.

ती त्यानं शोधून काढली, टाकली, खाली उतरला आणि फिरून दुसऱ्या बाजूनं दार उघडलं. "सरक," म्हणाला. विठ्ठल सरकला. जानकीच्या जागेवर बसून तो गावात आला. तसा तो पूर्वीच बसला असता, तर सगळ्यांचा वेळ वाचला असता.

पुढचे दोन दिवस लाटंबार्शात एकच खेळ चालला. विठ्ठल तिठ्यावर आला की कोणी ना कोणी म्हणे, "विठू, किती बोटां?" भर दुपारीसुद्धा. दुपारी त्याला सगळी बोटं दिसत, कोणाची आहेत तेही दिसे. तो सांगत नसे.

गोकुळदासांनी आवाज चढवला नाही. चांगले शेट चढवत नाहीत. "तुझ्या डोळ्यांचें म्हाका आधी सांगूक जाय आसलें," एवढंच म्हणाले. "खोली प्रज्योताक जाय."

"दिवे काढून घेवं, पात्रांव? माजे आसत."

"गाडयेक लायल्ले न्हय रे? मागीर ते गाडयेचे."

विठ्ठलनं मान हलवली. बटणं कशी चालवायची ते दाखवतो म्हणाला. प्रज्योत म्हणाला, बटण दाबायला शिकवणी लागत नाही. आणि खरंच, त्यानं दोन्ही बटणं एकदा दाबली ती दाबलेलीच ठेवली. डाव्या वळणाला दोन्ही, उजव्याला दोन्ही, राखणदारासमोरही दोन्ही. उजव्या दिव्याची झापड त्यानं माल उतरवताना पेटीनं ठोकून वाकवली.

रामचंद्रकाका एकदा पुढे बसून आले. उतरताना म्हणाले, "वळण कशें लख्ख दिसता!" देवाचे पाय त्या दिवशी त्यांना आठवले नाहीत. प्रज्योत गोकुळदासांचा मेव्हणा होता.

विठ्ठल-जानकी निघाले त्या संध्याकाळी आम्ही डिचोलीहून परतत होतो. त्यांना सकाळीच आमच्या गाडीतून डिचोलीच्या बसपर्यंत सोडता आलं असतं. कोणी विचारलं नाही, त्यांनीही नाही. मधल्या वळणावर ते दोघं गटाराच्या कडेला उभे दिसले. तिच्या डोक्यावर ट्रंक, त्याच्या हातात वळकटी, आणि तिचा मोकळा हात त्याच्या पाठीवर. आम्हांला ते नीट दिसले, कारण उजेड बरोबर त्यांच्यावर पडला. त्याचाच उजेड.

प्रज्योतनं गाडी हळू केली, खिडकीतून हात बाहेर काढला आणि बोटं नाचवली. मागे सगळे वाट बघत राहिले.

विठ्ठल हाताकडे बघतच नव्हता. तो दिव्याकडे बघत होता, मान तिरकी करून, गिऱ्हाईक माल बघतं तसा.

"उजवो वर गेलोहा," तो जानकीला म्हणाला. "झापड वाकलीहा. राखणदाराच्या डोळ्यांत जाता."

"जाऊं दे," जानकी म्हणाली आणि त्याच्या पाठीवर डावीकडे दाबलं. तो डावीकडे सरला.

गाडी पुढे गेली. झापड आजपर्यंत कोणी सरळ केलेली नाही.